वाचनालयाच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये: प्रायमरी कीचा वर्षभराचा अनुभव

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही, सभासद आणि देवघेव हे सगळं गेलं वर्षभर एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये आहे. ग्रंथपालांच्या टेबलावर एकच संगणक आहे, त्यामुळे वेगळा सर्व्हर लागत नाही. प्रोग्राम बंद करून फाइल पेनड्राइव्हवर घेतली की बॅकअप झाला. या कामासाठी मी ते बिनधास्त सुचवेन. पण टेबल बनवताना सगळ्यात जास्त वेळ प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, ठरवण्यात द्या. बाकीचे रकाने मागाहून बदलता येतात. की बदलायची तर तिच्याशी जोडलेली प्रत्येक नोंद हलते.

की म्हणून पहिली सूचना आली ती आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची. कपाटासमोर उभं राहिलं की ती टिकत नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. २००७ च्या आधीचे आयएसबीएन दहा अंकी, नंतरचे तेरा अंकी, आणि दहा अंकींच्या शेवटी कधी कधी चक्क एक्स हे अक्षर असतं. शिवाय एका पुस्तकाच्या चार प्रती असल्या तर चारींचा आयएसबीएन एकच. देवघेवीत आपल्याला नेमकी कुठली प्रत बाहेर गेली तेच तर हवं असतं. सभासदांसाठी मोबाइल नंबरही असाच बाद झाला, कारण आजोबा, सून आणि नातू तिघांच्या अर्जावर एकच नंबर असतो.

दाखल क्रमांकाचं पारडं मात्र जड होतं. पुस्तकावर तोच लिहिलेला असतो, तपासणीला आलेले अधिकारीही तोच बघतात. तरी आम्ही तो की केला नाही. त्याला फक्त युनिक केलं, म्हणजे तोच क्रमांक दोनदा घेऊ नये असं बंधन घातलं, आणि की म्हणून आतला एक साधा आयडी ठेवला, जो कुठेच छापत नाही. याचं चीज जुन्या वह्या टंकताना झालं. पूर्वी कधीतरी वही बदलताना काही क्रमांक दोनदा पडले होते, आणि युनिकने ते टंकतानाच अडवले. नवे क्रमांक कार्यकारिणीच्या बैठकीत ठरायचे होते, म्हणून तोवर तो रकाना रिकामा ठेवला. युनिक रकान्यात नल, म्हणजे रिकाम्या जागा, कितीही चालतात. मधल्या काळात ती पुस्तकं वाचकांकडे जाऊन आलीसुद्धा. पुढे क्रमांक ठरल्यावर तेवढेच रकाने भरले; देवघेवीच्या एकाही ओळीला हात लावावा लागला नाही.

आपल्याकडे हमखास येणारी एक अडचण आकड्यांची आहे. एक जण ४५१२ मराठी कीबोर्डवर टंकतो, दुसरा इंग्रजी आकड्यांत. रकाना टेक्स्ट (मजकूर) असेल तर एसक्यूलाइटच्या लेखी ही दोन वेगळी मूल्यं आहेत आणि युनिक दोन्ही आत घेतं. नुसतं इंटिजर (पूर्णांक) लिहूनही भागत नाही, कारण देवनागरी आकडे तिथे मजकूर म्हणून बसतात. टेबल स्ट्रिक्ट, म्हणजे रकान्याच्या प्रकाराबाबत काटेकोर, केल्यावर मात्र असा आकडा तिथल्या तिथे परत येतो. स्ट्रिक्टसाठी एसक्यूलाइटची ३.३७ किंवा पुढची आवृत्ती लागते.

आयडीचा प्रकार इंटिजर प्रायमरी की असा पूर्ण लिहा. नुसतं इंट लिहिलं तर साध्या टेबलात क्रमांक आपोआप पडत नाही, आणि आयडी न देता भरलेल्या ओळीत की नल राहते, तीही बिनतक्रार. प्रायमरी की नल राहू देणं ही एसक्यूलाइटमधली जुनी त्रुटी आहे. आधीचे प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती तशीच ठेवली आहे. मला ती मुळीच पटत नाही.

ऑटोइन्क्रिमेंट, म्हणजे एकदा वापरलेला आयडी पुन्हा न देण्याची सोय, लावायचं का, हे फाइलच्या प्रतीवर करून पाहिलं. ते नसताना नवा आयडी म्हणजे सगळ्यात मोठा आयडी अधिक एक. शेवटचा सभासद काढला, नवा भरला, तर त्याला तोच आयडी मिळाला. देवघेवीच्या पडद्यावर नव्या सभासदाच्या नावाखाली आधीच्याची दोन न परतलेली पुस्तकं दिसली! म्हणून सभासद आणि पुस्तकं या दोन्ही टेबलांना ऑटोइन्क्रिमेंट लावलं. त्याने थोडं जास्त काम पडतं म्हणून एसक्यूलाइटवाले गरज नसेल तर टाळा म्हणतात, पण काही हजार ओळींत ते जाणवतसुद्धा नाही.

त्याहून महत्त्वाची फॉरेन की, म्हणजे एका टेबलात लिहिलेला आयडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना हे बघणारं बंधन. एसक्यूलाइटमध्ये तिची तपासणी सहसा मुळात बंद असते. फाइल उघडताना प्रोग्रामने प्राग्मा फॉरेन कीज हे सेटिंग चालू केलं नाही तर टेबलात लिहिलेली बंधनं नुसती कागदावर राहतात, आणि हे दर वेळी करावं लागतं. ते चालू असतं तर त्या प्रतीवर सभासद काढताच आला नसता. आता आम्ही सभासद काढतच नाही, स्थितीच्या रकान्यात ‘रद्द’ लिहितो.

पुस्तक आणि लेखक जोडणाऱ्या टेबलाला वेगळा आयडी दिलेला नाही; दोन्हींचे आयडी मिळून की होते आणि एकच जोडी दोनदा पडत नाही. यूयूआयडी, म्हणजे कुठल्याही संगणकावर बनवला तरी दुसऱ्याशी जुळणार नाही असा लांबलचक आयडी, एका संगणकावर उगाच लांबण आहे. दोन शाखांत इंटरनेटशिवाय नोंदी करून त्या नंतर एकत्र करायच्या असतील, तर मात्र त्याचा विचार सुरुवातीलाच करा.