ट्रिमरसाठी सुटे बिट: मांडवीतली खरेदी

ट्रिमरवर, म्हणजे लाकडाच्या कडा घडवणाऱ्या आणि खाचा पाडणाऱ्या छोट्या हातयंत्रावर, चौरंग, देव्हारा, फोटोफ्रेम एवढंच करणार असाल तर बिटांचा (त्यात बसवायच्या पात्यांचा) मोठा संच घेऊ नका. मी बडोद्यात मांडवीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून सुटे बिट घेतले: 6 मिमीचा सरळ, कड गोल करणारा 3 मिमी त्रिज्येचा बेअरिंगवाला गोलाईचा आणि V आकाराची खाच पाडणारा एक व्ही-ग्रूव्ह. दुकानदार काकांनी आधी विचारलं, "बेन, कोलेट केटलानुं?" म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड कितीची? असं विचारणारा दुकानदार धरून ठेवावा. पाव इंचाचं कोलेट म्हणजे 6.35 मिमी, त्यात 6 मिमीचा दांडा पक्का बसत नाही, आणि फिरता बिट निसटला तर जिवावर बेततं.

गोलाईचा बिट अप्रतिम. सागाच्या पाटावर फिरवला तर कड कुठेही करपली नाही, पॉलिश पेपरही जेमतेम लागला. फक्त लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात त्या कडा आधी घ्या, रेषांच्या दिशेने जाणाऱ्या लांब कडा नंतर. म्हणजे कोपऱ्यावर उडालेली कपची पुढच्या फेरीत निघून जाते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापायचं असेल तर कार्बाइडच्या, म्हणजे जास्त कठीण धारेचाच बिट मागा, साध्या पोलादाची धार त्यात लवकर मरते.

व्ही-ग्रूव्ह मात्र बेताचाच. अक्षरं कोरताना तंतू उठतात. तो दुसरीकडून घ्या.