तीन किलोचा कॅमेरा अंगावर वागवताना: स्लिंग पट्ट्याचा माझा अनुभव

कॅमेऱ्याच्या डब्यात जो पट्टा येतो ना, कंपनीचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरात लिहिलेला, तो मी सहा वर्षं गळ्यात घालून फिरले. छोट्या लेन्सला त्याचं काही वाटत नाही. पण पक्ष्यांचा नाद लागला आणि निकॉनची २००-५०० घेतली तेव्हापासून गणित बदललं, कारण ती लेन्स एकटीच कॉलरसकट (ट्रायपॉडवर बसवायला लेन्सभोवती असतं ते कडं) २३०० ग्रॅम भरते आणि माझा डी७५०० कॅमेरा बॅटरी-कार्ड धरून ७२० ग्रॅम, म्हणजे झाले तीन किलो, आणि हे तीन किलो सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत मानेच्या मागे एकाच जागी. रविवारी सिंहगड व्हॅली आणि मंगळवारपर्यंत मान आखडलेली, असं दोन सीझन चाललं. शेवटी फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं की गळ्यात वजन बंद. फोटो बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून पट्टा बदलायचं ठरवलं.

स्लिंग म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी: पट्टा गळ्यात न घालता डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरका घ्यायचा, शाळेतल्या दप्तरासारखा. वजन मानेवरून खांद्यावर आणि पाठीवर पसरतं, कॅमेरा कमरेला राहतो, फोटो घ्यायचा की तो पट्ट्यावरून सरकत वर डोळ्याशी येतो. कल्पना साधी आहे. पण बाजारात याचे दोन अगदी वेगळे प्रकार मिळतात आणि दुकानात हा फरक कुणी समजावून सांगत नाही, तो मी जरा सविस्तर लिहिते.

एका प्रकारात कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडसाठी जे भोक असतं त्यात स्क्रू बसवायचा, स्क्रूला कडी, कडीत हूक, आणि अख्खा कॅमेरा त्या एका स्क्रूवर उलटा लटकतो. दुसऱ्या प्रकारात पट्टा कॅमेऱ्याला दोन ठिकाणी अडकतो.

माझी पहिली स्लिंग एका स्क्रूची होती. ऑनलाइन घेतली, साडेपाचशेला. खांद्याला जाड गादी होती, घातल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की मी लगेच मैत्रिणीलाही घ्यायला सांगितलं (तिला नंतर फोन करून परत पाठवायला लावली). तीन-चार ट्रिपा मस्त झाल्या. मग जानेवारीत भिगवणला गेलो होतो, कुंभारगावच्या बाजूने उजनीच्या पाण्यात बोटीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला. तीन तास बोटीत होते, पाण्याच्या वर कॅमेरा, सगळं ठीक. काठाला लागलो, मी एक पाय खाली टाकला आणि कमरेवरचं वजन एकदम गेलं. आवाजसुद्धा फार झाला नाही, चिखल होता. हूड फुटला, लेन्सच्या झूम रिंगमध्ये गाळ गेला आणि दुरुस्तीला लेन्स तीन आठवडे गेली, म्हणजे तो सीझनच गेला. नावाडीदादा म्हणाले ताई दोन मिनिटं आधी पडला असता तर हाती लागला नसता, आणि ते खरंच होतं. त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलले नाही.

स्क्रू तुटला नव्हता हे महत्त्वाचं. तो आपोआप फिरून सुटला होता. हा स्क्रू पाव इंची, दर इंचाला २० आटे, म्हणजे आत ५ मिलिमीटर गेला तर जेमतेम चार आटे धरलेले असतात. कॅमेरा एका बिंदूवर लटकला की आपण चालताना तो प्रत्येक पावलाला थोडी गिरकी घेतो, एकदा इकडे एकदा तिकडे, आणि मधला रबरी वॉशर दबून कडक झाला की त्या गिरक्या थेट स्क्रूवर येतात. तासाभरात काहीच होत नाही. तीन महिन्यांत होतं, आणि आधी कळत नाही कारण तो भाग आपल्या कमरेखाली असतो, नजरेला येतच नाही.

आता याचा अर्थ स्क्रूवाले सगळे वाईट असा नाही. ब्लॅकरॅपिड ही कंपनी याच पद्धतीचे पट्टे करते, आमच्या ग्रुपमधले एक काका लग्नाच्या शूटिंगला कित्येक वर्षं तोच वापरतात. त्याचा हूक लॉक होतो, आणि स्क्रू सुटलाच तर कॅमेरा धरून ठेवायला वेगळी छोटी दोरी लावता येते. ती दोरी काका कधीच काढत नाहीत, आणि दर ब्रेकला स्क्रू बोटाने दाबून बघतात, चहाचा कप हातात घ्यायच्या आधी. एवढी शिस्त तुमच्यात असेल तर तो पट्टा सुंदर आहे, गादी खांद्यावर जागच्या जागी राहते आणि फक्त कॅमेरा सरकतो, ते दोन पॉइंटच्या पट्ट्यात तितकं सुरेख होत नाही. पण दुसरी दोरी नसलेला एका स्क्रूचा पट्टा मी कुणालाही सुचवणार नाही, कितीही महाग असला तरी.

मग मी काय घेतलं? पीक डिझाइनचा स्लाइड. अडीच वर्षं झाली. सीटबेल्टसारखी विणलेली पट्टी, ४५ मिलिमीटर रुंद, आणि टोकाला दोऱ्या असलेल्या छोट्या गोल चकत्या, त्यांना अँकर म्हणतात. चकतीची दोरी कॅमेऱ्याच्या कडीत ओवून ठेवायची, आणि पट्ट्याच्या टोकाच्या खाचेत चकती सरकवायची, टक् आवाज येतो. काढायची असेल तर चकती आत दाबून मग बाहेर सरकवावी लागते, नुसती ओढून येत नाही. प्रत्येक अँकर ९० किलोपर्यंत ताण घेतो असं कंपनी सांगते, आपला कॅमेरा तीन किलो, म्हणजे मार्जिन भरपूर. पट्टीची एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला रबरासारख्या रेघा, सरकायला हवा तेव्हा गुळगुळीत बाजू खाली घ्यायची, नुसता एका खांद्यावर टाकायचा तर उलटा करायचा. लांबी कमीजास्त करायला धातूची पकड आहे, ती एका बोटाने उचलून ओढली की झालं. पक्षी बघताना मी पट्टा सैल ठेवते, गर्दीत शिरताना दोन सेकंदात आवळून कॅमेरा पोटाशी घेते. माझ्यासाठी हे फार मोठं काम झालं.

मोठ्या लेन्सला पट्टा कुठे लावायचा यात बरेच जण चुकतात. लेन्सला स्वतःचा कॉलर असेल तर अख्खं वजन कॅमेऱ्याच्या बॉडीवर टाकू नका, लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या माउंटवर ताण येतो. मी एक अँकर कॉलरच्या पायात लावलेल्या प्लेटला अडकवते आणि दुसरा बॉडीच्या कडीला. त्यामुळे लेन्स खाली तोंड करून मांडीच्या मागच्या बाजूला शांत राहते, गिरकी घेत नाही, आणि समजा प्लेटचा स्क्रू ढिला झालाच तर बॉडीची कडी धरून ठेवते. प्लेटचा स्क्रू मी षटकोनी पान्याने घट्ट करते आणि त्यावर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) एक थेंब. निळाच घ्या, लाल घेतलात तर पुढे स्क्रू काढणं मुश्कील होईल.

बायकांसाठी वेगळं लिहायलाच हवं, कारण यूट्यूबवर पट्ट्यांचे रिव्ह्यू करणारे बहुतेक पुरुष असतात आणि हा विषयच निघत नाही. तिरका पट्टा छातीवरून कुठून जातो हा खरा प्रश्न आहे. जाड, कडक गादीचे पट्टे पुरुषांच्या सपाट छातीवर नीट बसतात, आपल्याला ते एकतर मानेकडे चढतात नाहीतर काखेत घासतात. ब्लॅकरॅपिडने बायकांसाठी वळण दिलेल्या गादीचा वेगळा पट्टा काढला होता, तो घालून बघितला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी हा विचार केलाय. स्लाइडला फुगीर गादीच नाही, पट्टी मऊ आहे आणि अंगाबरोबर वळते, त्यामुळे तो त्रास मला होत नाही. रुंदी मात्र बघून घ्या. बारीक चणीच्या मुलींना ४५ मिलिमीटर रुंद वाटू शकते, त्यांच्यासाठी ३२ मिलिमीटरचा स्लाइड लाइट आहे, छोट्या मिररलेस कॅमेऱ्याला तोच बरा, पण तीन किलोला नको, तो खांद्यात रुततो. आणि ओढणी पट्ट्याखालून घेऊ नका, सरकताना गुंतते. मी आता ओढणी सॅकमध्येच ठेवते आणि कॉलरचा कुर्ता घालते म्हणजे मानेला पट्टी लागत नाही.

सॅक आणि स्लिंग एकत्र वापरत असाल तर आधी सॅक, वरून स्लिंग. उलटं केलं तर सॅकचा पट्टा स्लिंगला दाबून धरतो आणि कॅमेरा वर येतच नाही, तोवर पक्षी गेलेला असतो.

आरामाची खरी परीक्षा मी वारीत घेतली. माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालले, छोटी लेन्स लावून, दिवे घाट धरून तीसएक किलोमीटर होतात. दुकानात पाच मिनिटं घालून बघितलेला कुठलाही पट्टा चांगलाच वाटतो, पाचव्या तासाला काय वाटतं ते विचारा. पाऊस सुरू झाला, पट्टी भिजली, भिजलेल्या पट्टीखाली घाम, आणि घाटात एवढी गर्दी की हात वर करायला जागा नाही. जुन्या गादीच्या पट्ट्याने अशा ओल्यात खांदा सोलवटला असता, स्पंज पाणी पिऊन बसतो आणि दोन दिवस वाळत नाही. ही पट्टी ओली झाली पण जड झाली नाही. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी शेजारून चालत होत्या, त्यांनीच मला पट्टा दुसऱ्या खांद्यावर घे म्हणून सांगितलं, दर तासाला बाजू बदल, मीपण तुळशीला हात बदलते. मला कुणी हे शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी दर तासाला खांदा बदलते, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला कॅमेरा थोडा गैरसोयीचा पडतो पण पाठीसाठी फार फरक पडला.

चोरीचं म्हणाल तर तिरका पट्टा गळ्यातल्यापेक्षा नक्की बरा, हिसकावून सहज जात नाही. सन-स्नायपर नावाच्या कंपनीच्या पट्ट्यात आतून स्टीलची तार असते, ब्लेडने कापला जाऊ नये म्हणून. मी स्वतः तारेचा घेणार नाही, कारण बाइकवरून कुणी ओढलं तर पट्टा सुटण्याऐवजी मी फरपटत जाईन ही भीती मला जास्त वाटते. लोकलमध्ये चढताना कॅमेरा सरळ सॅकमध्ये. स्कूटरवर पण अंगावर लटकवू नका, हँडल वळवताना लेन्स मध्ये येते, मी एकदा अशीच पडता पडता वाचलेय.

आवाज हा मुद्दा पक्षीवाल्यांनी लक्षात ठेवा. व्हेल्क्रो असलेला पट्टा हाइडमध्ये (पक्षी बघायला लपून बसायची जागा) नकोच, चरर्र झालं की स्वर्गीय नर्तक उडालाच. धातूचे हूक कडीवर खणखणतात, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला तर आवाज थांबतो.

कुठलाही पट्टा घ्या, पण कॅमेरा लावायच्या आधी घरी एक करा. ५ लिटरचा पाण्याचा कॅन त्या पट्ट्याला अडकवा आणि रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवा, खाली गादी टाका. सकाळी शिवण बघा, दोरे उसवलेत का, बकल सरकलंय का, खूण करून ठेवलेली लांबी तेवढीच आहे का. शिवण चौकोनात फुली अशी असेल तर चांगली, नुसती दोन आडव्या टाक्यांची असेल तर मी आमच्या कोपऱ्यावरच्या बॅगा शिवणाऱ्या काकांकडून वीस-तीस रुपयांत पक्की करून घेते, ते नायलॉनच्या दोऱ्याने मशीन मारून देतात. त्यानंतर तोच कॅन कमरेला लावून घरात तासभर झाडू-पोछा करा, वाका, जिना चढा. काय टोचतं ते सगळं कळतं.

किंमत. स्लाइड महाग आहे, हजारांत जातो, आणि लेन्सचे हप्ते चालू असताना पट्ट्याला एवढे पैसे द्यायला जिवावर येतं हे मला मान्य आहे. बजेट नसेल तर साधा दोन कड्यांचा नायलॉनचा पट्टा घेऊन तिरका घाला, तो लांब हवा एवढंच, सोबतचा कंपनीचा पट्टा बहुतेक वेळा तिरका घ्यायला आखूड पडतो. फक्त स्वस्तातल्या हुबेहूब नकली चकत्या घेऊ नका, ऑनलाइन ढीगभर आहेत, दिसायला त्याच पण दोरी कशाची आहे हे कुणालाच माहीत नाही. ३ किलो आणि लाखभर रुपये त्या दोरीवर टांगायचेत.

अस्सल दोरीही झिजतेच. वरचा काळा थर घासला की आतला वेगळा रंग दिसायला लागतो, तो दिसला की बदलायची, आणि कॅमेऱ्याची कडी धारदार असेल तर लवकर झिजते. मी महिन्यातून एकदा नखाने दोरी फिरवून चारी बाजूंनी बघते, पट्टी कोमट पाण्यात साबण टाकून धुते आणि सावलीत वाळवते. गेल्या दिवाळीच्या आधी एका चकतीच्या दोरीवर आतला रंग थोडासा दिसला, तेव्हा सगळ्याच बदलल्या आणि जुन्या कात्रीने कापून टाकल्या, म्हणजे घरात कुणी चुकून परत लावायला नको.