स्लीव्ह की बायपास: एका घरातली दोन ऑपरेशनं

दुकानात कापड बघता बघता एखादं गिऱ्हाईक आवाज खाली आणून विचारतं, ‘तुम्ही ते वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन केलं होतं ना? कोणतं केलं?’ सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मला १२८ किलोंचा असताना पाहिलंय, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. मी नोव्हेंबर २०२१ मध्ये बायपास केली. माझ्या चुलतभावाने पाच महिन्यांनी, एप्रिल २०२२ मध्ये, स्लीव्ह केली. सर्जन तेच, घरचं जेवण तेच, मधुमेहही एकाच आजोबांकडून आलेला. म्हणून विचारणाऱ्यांना मी आमच्या दोघांचं सांगतो. दोन माणसांवरून नियम बनत नाही हे मान्य, पण एकाच घरात राहिलं की रिपोर्टमध्ये न येणाऱ्या गोष्टी रोज दिसतात.

स्लीव्ह म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढणं आणि बायपास म्हणजे वर छोटी पिशवी करून तिला खालचं आतडं जोडणं, इतपत तुम्हाला ठाऊक असेलच. दोन्ही दुर्बिणीतून होतात.

वजनावर मी फार वेळ घालवत नाही. माझं सगळ्यात खाली ८२ पर्यंत गेलं आणि आता ८७ वर स्थिर आहे. तो ११९ वरून ७८ ला आला होता, आता ८८ आहे. त्याचं काम फिरतीचं, ढाब्यावरचं जेवण जास्त, त्यामुळे हा फरक ऑपरेशनचाच असं मी म्हणणार नाही. फिनलंडमध्ये २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी ही दोन ऑपरेशनं वाटून दिली होती. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन काहीसं जास्त उतरलेलं दिसलं, पण स्लीव्हवाल्यांचंही चांगलंच उतरलं होतं. साखरेचं म्हणाल तर माझ्या गोळ्या बंद झाल्या, त्याच्या निम्म्यावर आल्या. पण माझा मधुमेह पाच वर्षांचा होता आणि त्याचा बारा वर्षांचा, आणि जुना मधुमेह सहजी हटत नाही.

माझा निर्णय पित्ताने केला.

रात्री आडवं झालं की ज्याच्या घशाशी आंबट पाणी येतं, त्यालाच हे नीट समजेल. ऑपरेशनच्या आधी सहा-सात वर्षं मी सपाट झोपलो नव्हतो. उन्हाळ्यात आमचं सगळं घर गच्चीवर झोपतं. गाद्या टाकल्या की काका, भाऊ, पोरं अशी ओळीने माणसं आडवी होतात. मी कठड्याला पाठ टेकून, मागे दोन लोड लावून बसायचो. डोळा लागला की मान कलंडायची आणि तासाभरात तोंडात आंबट-कडू पाणी, खोकला, छातीत आग. मग अंधारात जिना उतरून थंड दूध प्यायचं आणि पुन्हा वर यायचं. शेंगा चटणी सोडली. रात्रीचं जेवण संध्याकाळी सातला आणलं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी तर वर्षानुवर्षं चालू होती. झोप पुरी व्हायची नाही, म्हणून दुपारी दुकानात कापड मोजता मोजता डोळे मिटायचे. लोक म्हणायचे, जाड माणूस आहे, सुस्ती असणारच.

तरीही पहिल्या भेटीला मी स्लीव्ह ठरवूनच गेलो होतो. आतड्याला हात लावायचा नाही, ऑपरेशनला वेळ कमी, आणि ओळखीतल्या तिघांनी तीच केलेली. सर्जनने आधी एंडोस्कोपी करायला सांगितली. त्यात जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून छातीत सरकलेला दिसला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा दिसल्या. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. स्लीव्हनंतर जठराची केळ्यासारखी अरुंद नळी होते. पिशवी जशी फुगते तशी ही नळी फुगत नाही, आत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. बायपासमधल्या छोट्या पिशवीत आम्ल फारसं तयारच होत नाही, आणि पित्तरस येऊन मिळतो तो शंभर-दीडशे सेंटिमीटर आतडं सोडून खाली. स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीचे आकडेही त्यांनी दाखवले. ज्यांना आधीपासून पित्ताचा त्रास होता, त्यांच्यापैकी बायपास केलेल्या सुमारे ६० टक्के लोकांचा त्रास पाच वर्षांनी गेलेला होता, स्लीव्ह केलेल्यांत २५ टक्के लोकांचा. उलट त्रास वाढला तो स्लीव्हमध्ये जवळजवळ ३२ टक्के लोकांचा आणि बायपासमध्ये ६ टक्के लोकांचा.

मी घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि बायपास सांगितली. पुढच्या एप्रिलमध्ये गच्चीवर मी ओळीत आडवा झालो, एका उशीवर. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून बायकोने हाक मारली, तेव्हा जाग आली.

चुलतभावाला आधी पित्त नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्याची एंडोस्कोपी स्वच्छ होती आणि त्या रिपोर्टवर स्लीव्ह घेणं चूक नव्हतं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी रात्रीचा खोकला सुरू झाला, मग जळजळ, मग रोजची गोळी. आता गच्चीवर कठड्यापाशी, माझ्या जुन्या जागी, त्याचे लोड असतात. सगळ्यांना असं होत नाही. ओळखीतल्या त्या तिघांपैकी दोघं स्लीव्हवर अगदी सुखात आहेत.

बायपासचं देणं मात्र रोज फेडावं लागतं, तेही ऐका. २०२३ मध्ये माझी दाढ दुखायला लागली आणि मी मेडिकलमधून नेहमीची दुखण्याची गोळी आणून तीन दिवस घेतली. अशी गोळी घ्यायची नाही हे मला सांगितलेलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं, दुखण्यात ते आठवलं नाही. आठवड्याभरात छातीच्या खाली कळ येऊ लागली. पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर झाला होता. तीन महिने औषध घ्यावं लागलं. तेव्हापासून पाकिटात चिठ्ठी असते: बायपास झालेली आहे, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये. पॅरासिटामॉलवर भागवावं लागतं. चुलतभाऊ डॉक्टरांना विचारून चार-दोन दिवस अशा गोळ्या घेऊ शकतो. तुम्हाला संधिवात असेल आणि वेदनाशामक गोळ्यांशिवाय दिवस जात नसेल, तर माझं पित्तपुराण बाजूला ठेवा आणि स्लीव्हचा विचार आधी करा.

दुसरं, जीवनसत्त्वं. लोह, कॅल्शियम, बी-१२, डी हे सगळं जन्मभर. स्लीव्हवाल्यांनाही घ्यावं लागतं, पण त्यांची चार दिवसांची हयगय खपून जाते, बायपासमध्ये ती रक्ताच्या रिपोर्टात उतरते. कॅल्शियम सायट्रेटचं घ्यायचं, कार्बोनेटचं नाही, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर हवं आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते. मी दुकान उघडल्यावर लोह घेतो, दुपारी आणि रात्री कॅल्शियम. गोळ्यांचा कंटाळा येणाऱ्या माणसाने बायपासला हो म्हणण्याआधी थांबून विचार करावा.

तिसरं, गोड. ऑपरेशननंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी शेंगा पोळीचे दोन-तीन घास खाल्ले. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि तासभर आडवं पडावं लागलं. त्याला डंपिंग म्हणतात. तेव्हा घाबरलो होतो, आता वाटतं की माझी साखर ताब्यात राहिली त्यात या धाकाचाही वाटा असावा. चुलतभावाला असं काही होत नाही, आणि त्याचं वाढलेलं वजन बरंचसं गोडाचंच आहे हे तो स्वतःच सांगतो.

आणखी एक लक्षात ठेवायचं: बायपासनंतर वर्षांनीही पोटात अचानक जोराची मुरडा मारल्यासारखी कळ आली तर आतडं आत अडकलेलं असू शकतं. तेव्हा ओवा खात घरी बसू नये, दवाखाना गाठावा आणि बायपास झाल्याचं आधी सांगावं. मिनी बायपासचं विचाराल तर तिच्यात एकच जोड असतो आणि काम लवकर होतं. पण तिच्यात पित्तरस वर येण्याची शक्यता राहते, म्हणून मला ती सुचवली गेली नाही.

तयारीत दोन्ही ऑपरेशनं सारखीच. दोन आठवडे कमी खाण्याचा आहार असतो, तो वजनासाठी नसतो. फुगलेलं यकृत आक्रसलं की सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. तंबाखू, मावा, सिगारेट बंद, आणि बायपासवाल्याला कायमची बंद, कारण धूम्रपानानेही तोच अल्सर होतो. फुफ्फुसांच्या व्यायामाची तीन चेंडूंची नळी मिळते, तिच्यातून श्वास ओढायचा सराव आधीपासून करा.

पण सोलापूरकराने सगळ्यात आधी महिना ठरवावा. ऑपरेशननंतर एका वेळी दोन-तीन घोट पाणी जातं, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसाचं दीड-दोन लिटर पोटात जायचं तर दिवसभर बाटली हातात लागते. मी दिवाळीनंतर केली, थंडी होती, उन्हाळा येईपर्यंत सवय झाली. चुलतभावाची एप्रिलमधली. मे महिन्यात पारा ४३ च्या वर, त्यात तो फिरतीवर निघाला. तिसऱ्या आठवड्यात चक्कर येऊन पडला आणि दोन दिवस सलाईन लागलं. शक्य असेल तर दिवाळी ते संक्रांत हा काळ धरा.

विम्याचंही आधी बघा. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी या ऑपरेशनची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) पातळी २७.५ पर्यंत खाली आणली. विमा कंपन्यांचा नियम मात्र वेगळा आहे: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयरोग किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा कंपनीही हो म्हणेल असं धरून चालू नका. आधी लेखी मंजुरी घ्या.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल विचारणारेही आता वाढलेत. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. मी ती घेतलेली नाहीत, म्हणून त्यावर बोलत नाही. बंद केल्यावर वजन परत चढतं का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

रोजच्या जगण्यात पहिल्या सहा महिन्यांनंतर आमच्या दोघांत फारसा फरक नाही. केस दोघांचेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळले आणि वर्षाच्या आत परत आले. ताटात आधी अंडं, मटकी, पनीर किंवा चिकन, मग जागा उरली तर भाकरी. कडक भाकरी मला आठव्या महिन्यात जमली, तीही दह्यात मोडून, एका घासाला वीस-पंचवीस वेळा चावून. मऊ भात आणि पोळी घाईत खाल्ली की गोळा होऊन अडकते, तेव्हा पाणी पिऊ नका, उभे राहून फिरा. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना मी सरळ सांगतो की ऑपरेशन झालंय. चुलतभाऊ सांगत नाही, दोन घास जास्त खातो आणि रात्री ते त्याला वर येतात.

स्लीव्हनंतर पित्त फार वाढलं तर तिची बायपास करून घेता येते. त्याला ते आता सुचवलं गेलंय. दुसऱ्यांदा टेबलावर जायचं म्हणून तो कचरतोय, आणि त्याची भीती मला कळते. मी त्याला कर म्हणालो नाही. माझी गोळ्यांची डबी आणि पाकिटातली ती चिठ्ठी दाखवली, आणि मी रात्री कसा झोपतो ते तो बघतोच आहे. येत्या मंगळवारी पुण्याला त्याची एंडोस्कोपी आहे. हुतात्मा एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढून ठेवलीत, मी सोबत जातोय.