घरातले तीन रुग्ण आणि एकच न्यूरोलॉजिस्ट: कोल्हापुरातील एका दवाखान्याचा दीड वर्षाचा अनुभव

गेल्या दीड वर्षात आमच्या घरातील तिघेजण एकाच मेंदूविकारतज्ज्ञांचे रुग्ण झाले आहेत: ७४ वर्षांचे माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ८ वर्षांची माझी मुलगी आणि या दोघांना नेता-आणता स्वतःच्या डोकेदुखीसाठी एकदाची नंबर लावून बसलेली मी. दवाखान्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत आणि पुढच्या महिन्यात आम्हाला तिथेच जायचे आहे.

सुरुवात अण्णांपासून झाली. त्यांची चाल मंदावली होती, चेहरा निर्विकार झाला होता, दोन्ही हात थरथरत होते आणि सदऱ्याची बटणे लावायला त्यांना दहा-दहा मिनिटे लागत होती. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान होऊन लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चार महिन्यांत त्यांचा फारसा गुण आला नव्हता. इथे डॉक्टरांनी आमची जाडजूड फाइल वरवर चाळून बाजूला ठेवली आणि थेट अण्णांना विचारायला सुरुवात केली: त्रास आधी कोणत्या हाताला सुरू झाला, फोडणीचा वास येतो का, झोपेत हातपाय झाडता का, बद्धकोष्ठता किती वर्षांची आहे, सही पूर्वीपेक्षा बारीक झाली आहे का. “वास न यायला काय झालं, परवा भज्यांच्या वासानं माडीवरनं खाली आलो,” असे अण्णांनी सांगितले आणि थरथर दोन्ही हातांना एकदमच सुरू झाल्याचेही सांगितले. खऱ्या पार्किन्सन्समध्ये त्रास बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि अनेकांचा वास थरथरीच्या कितीतरी वर्षे आधीच गेलेला असतो, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळले.

मग डॉक्टरांनी औषधांची पिशवी मागितली. अण्णांची कापडी पिशवी टेबलावर रिकामी झाली आणि रक्तदाबाच्या, गुडघ्याच्या, पित्ताच्या अशा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी एकेक करून पालथ्या घालून मागची बारीक अक्षरे वाचली. पित्ताच्या कॅप्सूलच्या पट्टीवर ते थांबले. तिच्यात पँटोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड होते, आणि ती कॅप्सूल अण्णा जवळजवळ वर्षभर रोज सकाळी अनशापोटी घेत होते, तीही जुनीच चिठ्ठी दुकानात दाखवून. हे औषध डोपामिनचे, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतील रसायनाचे, काम अडवते. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच झिजतात. कारण वेगळे असले तरी बाहेरून दिसणारे चित्र जवळपास सारखेच असते, आणि म्हाताऱ्या माणसांत ही फसगत अधिक होते. चक्कर येण्यावर दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन व फ्लुनारिझिन या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यासही असेच घडू शकते.

कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाली आणि लेव्होडोपा हळूहळू कमी करत थांबवण्यात आले. दोन महिन्यांनी अण्णांनी बटणे स्वतः लावली आणि पाच महिन्यांनी चालही बरीच सुधारली. अर्थात डॉक्टरांनी आम्हाला फार हुरळून जाऊ दिले नाही. काही रुग्णांत असे औषध मुळात दडलेला पार्किन्सन्सच वेळेआधी उघडा पाडते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला या, असे त्यांनी स्पष्ट बजावले. मला त्यांच्या निदानाइतकाच हा प्रामाणिकपणाही महत्त्वाचा वाटतो.

मुलीची गोष्ट वेगळी होती. शुद्धलेखन घालताना ही मधलेच शब्द गाळते आणि हाक मारली तरी लक्ष देत नाही, अशी तक्रार शाळेतून येत होती, आणि आम्ही तिला वेंधळेपणाबद्दल रागवत होतो. डॉक्टरांनी तिच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि तीन मिनिटे न थांबता फुंकायला सांगितले. मिनिट-दीड मिनिटाने भिंगरी थांबली. मुलगी समोर बघत होती, पापण्या किंचित फडफडत होत्या, आणि डॉक्टरांनी उच्चारलेला ‘पेरू’ हा शब्द तिच्यापर्यंत पोहोचला नाही. दहाएक सेकंदांनी काहीच न झाल्यासारखी ती पुन्हा फुंकू लागली, कोणता शब्द ऐकलास असे विचारल्यावर, “कुठला शब्द?” असे तिनेच विचारले. भराभर श्वास घेतल्याने हा प्रकार उमटतो, आणि ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या, आलेखावर सेकंदाला सुमारे तीन या गतीने येणाऱ्या लहरी दिसून निदान पक्के होते. आमच्याही बाबतीत तसेच झाले. ही फीटच असते, फक्त तिच्यात मूल खाली पडत नाही आणि तोंडाला फेस येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

औषध निवडताना त्यांनी जो वेळ दिला, तो मला इतरत्र क्वचितच मिळाला आहे. फिटच्या इतर प्रकारांत उपयोगी पडणारे कार्बामॅझेपिन या प्रकारात उलट त्रास वाढवू शकते. व्हॅल्प्रोएट गुणकारी असले तरी पुढे गरोदरपणात त्याचा गर्भाला धोका असल्याने मुलींच्या बाबतीत त्याचा विचार जपून करावा लागतो. म्हणून त्यांनी इथोसक्सिमाइड दिले, जे आमच्या दुकानदाराला दर वेळी मागवून घ्यावे लागते. अनेक मुलांचा हा त्रास पौगंडावस्थेत थांबतो, असे ते म्हणाले. तोपर्यंत पंचगंगेवर पोहायला एकटीने जायचे नाही आणि रहदारीत सायकल चालवायची नाही, एवढी पथ्ये आहेत. सासूबाईंनी कांदा आणि चप्पल हुंगवण्याचा विषय काढला, तेव्हा त्यांची थट्टा न करता, मोठी आकडी आल्यास काय करायचे हे डॉक्टरांनी त्यांनाच समजावले: कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, घड्याळ बघायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर इस्पितळ गाठायचे.

माझ्या अर्धशिशीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात मला थोडे ओशाळायला झाले. एमआरआय करायचाच, असे मी घरून ठरवून गेले होते. डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या उपकरणाने डोळ्यांचे पडदे पाहिले, हातपाय तपासले आणि एमआरआयची गरज नसल्याचे सांगून महिन्याला किती वेदनाशामक गोळ्या घेता, एवढेच विचारले. मी आठवड्यातले चार-पाच दिवस गोळी घेत होते. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस किंवा एकाहून अधिक औषधे असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस, अशा प्रमाणात तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, हे ऐकून मी गप्प झाले. दमा नाही ना, याची चौकशी करून त्यांनी अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिले, जे दम्याच्या रुग्णांना चालत नाही, आणि दुखण्याचे दिवस लिहून ठेवायला सांगितले. ते मी कालनिर्णयवरच लाल पेनने खुणा करून केले. पहिले दोन आठवडे वाईट गेले, पण या महिन्यात तीनच खुणा आहेत.

आता तक्रारी. नंबर फक्त सोमवारी सकाळी फोनवर मिळतो आणि फोन लागणे हे नशिबावर अवलंबून असते. अकराची वेळ दिली की आत जायला दीड वाजतो, कारण प्रत्येक रुग्णाला इतका वेळ दिला जातो. या उशिराबद्दल मला राग धरता येत नाही, पण तो आधी सांगायला काय हरकत आहे? स्वागतकक्षातील वागणूक मात्र अक्षम्य आहे. भरलेल्या खोलीत “फिटवाली मुलगी कोण?” अशी हाक आली, तेव्हा मुलगी माझ्या पदराआड गेली. मी डॉक्टरांना सांगितल्यावर पुढच्या खेपेपासून नंबराने हाका सुरू झाल्या, हे नमूद करायला हवे. संध्याकाळी सातनंतर फोन कोणीही उचलत नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे अशी पक्षाघाताची लक्षणे दिसल्यास इथे न येता तडक मोठ्या इस्पितळात जा, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, अशी मराठी पाटी भिंतीवर आहे; ती चांगली आहे, फक्त दरवाजा उघडा असला की त्याच्यामागे झाकली जाते.

आणि जिना. ज्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या माणसांची चालण्याचीच तक्रार असावी, तो पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. अण्णा आता कठडा धरून स्वतः चढतात, पण मागच्या खेपेला एका आजोबांना दोन मुले प्लास्टिकच्या खुर्चीसकट वर आणत होती आणि वळणावर खुर्चीचा पाय अडकला होता. तळमजल्यावर तपासणीची सोय करा, असे मी तक्रारवहीत दोनदा लिहिले आहे; दुसऱ्यांदा वही उघडली तेव्हा तिच्यातली शेवटची नोंद माझीच होती.