अकरा महिने, एकच लेन्स: सह्याद्रीत फुजीफिल्म एक्स१००-व्हीआय

गेल्या ज्येष्ठात फुजीफिल्मचा हा लेन्स न बदलता येणारा कॅमेरा घेतला आणि आता वैशाख उतरणीला लागलाय. लिहायला मुद्दाम उशीर केला. आमच्याकडे निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला कॅमेऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यातच कळते, म्हणून एक पावसाळा पूर्ण होऊ दिला.

आधी माझ्याकडे डीएसएलआर होता. सोबत वाइड झूम, एक टेलिझूम आणि ट्रायपॉड, म्हणजे सगळं मिळून साडेतीन किलोच्या आसपास. नाशिकहून पहाटे निघायचं, गड चढायचा आणि अंधार पडायच्या आत उतरायचं, असा आमचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी साल्हेरला गेलो होतो. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. माथ्यावरच्या परशुराम मंदिरापाशी पोहोचले तेव्हा शेजारच्या सालोटा किल्ल्यावर तिरपं ऊन पडलं होतं, पण सॅक उतरवून लेन्स बदलण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. मी नुसती बसून राहिले आणि ते ऊन गेलं. त्या दिवशी ठरवलं, की आता गळ्यात राहील तेवढंच सामान न्यायचं.

फिक्स्ड लेन्सचा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. मेगापिक्सेल, ब्रँड, रंग हे सगळं नंतर बघा. आधी आपले जुने फोटो उघडा. मी चार वर्षांतले मला मनापासून आवडणारे पाचशेएक फोटो निवडले आणि संगणकावर फोकल लेंग्थप्रमाणे लावले (मिमीचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सला रुंद दिसतं). मला वाटायचं मी वाइड लेन्सवाली आहे. निघालं भलतंच! निम्म्याहून जास्त फोटो २१ ते २६ मिमीमधले होते, म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात साधारण ३१ ते ३९. दहा-बारा मिमीचे मोजकेच टिकले होते आणि त्यांच्यात एक समान दोष दिसत होता. पुढचा दगड भलामोठा आणि मागे डोंगर बिचारा बोटभर. सह्याद्रीचं देखणेपण त्याच्या सरळ तुटलेल्या कड्यांत आहे आणि अतिवाइड लेन्स नेमकी त्यांचीच उंची खाते. दहा मिमीवर बारी गावाकडून काढलेलं माझं कळसूबाई मला चक्क टेकडीसारखं दिसत होतं.

तेव्हा फुल फ्रेमच्या हिशेबातलं ३५ मिमी नक्की झालं, आणि एक्स१००-व्हीआयची लेन्स तेवढीच. तरी रिको जीआर थ्री बराच काळ डोक्यात होता. बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, खरोखर खिशात मावणारा आणि लेन्स सुरेख. पण ती २८ मिमी, वर डोळा लावून बघायला व्ह्यूफाइंडर नाही आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणही नाही. आषाढात घराबाहेर पडणाऱ्या माणसाला हे शेवटचं परवडत नाही. लायका क्यू थ्रीची किंमत ऐकूनच तो विषय मिटला. एक्स१००-व्हीआय ५२१ ग्रॅमचा आहे, दीड लाखाच्या पुढे जातो आणि हातात यायला मला वाट बघावी लागली. पैसे साठवून, विचार करून घेतला.

पहिली गोष्ट पावसाची. हा कॅमेरा पेटीतून काढल्याकाढल्या पावसात न्यायचा नाही. पुढची रिंग काढून वेगळी मिळणारी अॅडॅप्टर रिंग बसवायची, तिच्यावर ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर लावायचा, तेव्हाच लेन्सच्या बाजूने तो पाण्याला दाद देत नाही. हा खर्च सुरुवातीलाच धरा. पुढचं मी चुकून शिकले. श्रावणात अंजनेरीच्या पठारावर ढग अंगावरून जात होते. फिल्टरला आतून डाग वाटला म्हणून मी तो तिथेच काढला, पुसला, परत लावला. दहा मिनिटांत फिल्टर आणि लेन्सच्या मधे धुकं धरलं, कारण बाहेरची दमट हवा मीच आत कोंडली होती. पुढचे दोन तास सगळे फोटो दुधाळ आले. तेव्हापासून फिल्टर घरीच लावते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात कॅमेरा रात्रभर ठेवायचा, सकाळी कोरड्या खोलीत फिल्टर बसवायचा आणि घरी परतेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाहेरून थेंब पडतात ते जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपते. मायक्रोफायबर एकदा ओलं झालं की पाणी नुसतं फासत बसतं. डब्याची सवय तर पाऊस नसतानाही ठेवावी, आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले असं मला वाटतं ते. कॅमेऱ्यातच चार स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, म्हणजे प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर आणणारी काच. एका बटणाला नेमून ठेवला की दाबल्याबरोबर लागतो. शिवाय सेन्सर हलवून थरथर आवरणारं स्टॅबिलायझेशन या मालिकेत पहिल्यांदाच आलं आहे. भंडारदऱ्याला जुलैत ओढ्यावर उभी होते. आभाळ भरलेलं, एफ ८ (लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १२५. साधारण सेकंदाचा ऐंशीवा भाग शटर मिळत होता, त्यात पाणी गोठल्यासारखं दिसतं. एनडी लावला आणि शटर एक पंचमांश सेकंदावर आलं. पाठ खडकाला टेकवली, कोपरं फासळ्यांना लावली, श्वास अर्धा सोडून दाबलं. पाच फोटोंतले तीन कडक आले. पाण्याला ओढ दिसते, तरी ते कापसासारखं होत नाही. दगडावरचं शेवाळ मात्र काटेकोर. पूर्वी याच जागी ट्रायपॉडचे पाय ओल्या दगडांवर बसवण्यातच वीस मिनिटं जायची.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. ओल्या पानांवर आभाळाची पांढुरकी चमक असते, ती एनडीने जात नाही. त्यासाठी ४९ मिमीचा पोलरायझर हवाच. तो फिरवला की भाताच्या खाचरांचा हिरवा रंग एकदम खरा होतो. आणि कृपा करून आषाढात व्हेल्व्हिया ही भडक रंगांची सेटिंग लावू नका. आपला हिरवा मुळातच इतका तेज असतो की त्यात तो प्लास्टिकचा वाटतो. मी प्रोव्हियावर, म्हणजे साध्या रंगांवर ठेवते, रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) सोबत असतेच.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर (काचेतून थेट बघायचा) रस्त्यावरच्या फोटोंसाठी, असं सगळे म्हणतात. मला तो डोंगरांत जास्त कामाला आला. त्यात फ्रेमची चौकट दिसते आणि चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं. गेल्या नोव्हेंबरात परत साल्हेरला गेले. वारा होता, ढगांच्या सावल्या खालच्या शेतांवरून सरकत होत्या. डाव्या बाजूने एक सावली चौकटीकडे येताना दिसत होती, तिच्यामागे उन्हाचा पट्टा. सावली सालोट्याच्या पायथ्याशी आली, ऊन नेमकं माथ्यावर चढलं आणि मी बटण दाबलं. स्क्रीनवर बघत असते तर ती सावली आत आल्यावरच कळली असती. त्या फोटोची २४ बाय १६ इंचांची प्रिंट आता आईच्या घरी आहे. फाइल ७७२८ बाय ५१५२ पिक्सेलची असल्यामुळे एवढ्या मापाला ती सहज पुरते. जवळ जाऊन बघितलं तर खिंडीतली पायवाट दोऱ्यासारखी दिसते.

फोकसचा त्रास नाही. एफ ८ ला साधारण साडेतीन मीटरवर फोकस लावून ठेवला तर पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत कामचलाऊ स्पष्ट मिळतं. दूरच्या कड्यावरची रेघन् रेघ हवी असेल तर फोकस थोडा आणखी लांब न्या. एफ ११ च्या पुढे मात्र जाऊ नका, ४० मेगापिक्सेलवर फोटो मऊ पडलेला लगेच दिसतो. आभाळ जळून पांढरं पडू नये म्हणून डीआर ४०० (उजळ भाग राखणारी सेटिंग) वापरत असाल तर आयएसओ किमान ५०० लागतो, हे लक्षात ठेवा. नाहीतर भर उन्हात तो पर्याय दिसतच नाही आणि आपण मेनू शोधत बसतो.

कमी कुठे पडला? हरिहरच्या पायऱ्यांखाली. तिथे मागे सरकायला जागा नसते आणि अख्खा जिना ३५ मध्ये मावत नाही. आडव्या चार फ्रेम खालून वर घेऊन घरी जोडल्या. जोडकाम चांगलं झालं, पण एका फ्रेममध्ये पायरीवर असलेला माणूस पुढच्या फ्रेममध्ये दोन पायऱ्या वर गेलेला, त्यामुळे निम्मा वेळ तेवढंच निस्तरण्यात गेला.

याच्या उलट अनुभव हरिश्चंद्रगडाला आला. पाचनईकडून चढून कोकणकड्यावर मुक्काम होता. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळचं ऊन आपल्या पाठीवर येतं आणि खाली ढग भरलेले असले तर त्यांच्यावर आपली सावली पडून तिच्याभोवती रंगीत कडं उमटतं. तेच इंद्रवज्र, कर्नल साईक्सने १८३५ मध्ये इथे पाहिलं म्हणतात ते. आम्हाला जेमतेम चार मिनिटं दिसलं. डोळ्यांना ते सारं आसमंत व्यापल्यासारखं वाटतं, फ्रेममध्ये मात्र छोटं येतं, कारण ३५ मिमी आडवे ५४ अंश बघते आणि हे कडं त्यामानाने फार लहान असतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वर नेलं, नाहीतर धुकं करडं पडतं. घरी ७० मिमीच्या चौकटीइतकं क्रॉप केलं, दहा मेगापिक्सेल उरले. मोबाइलवर बघायला उत्तम, भिंतीवर लावायला नाही. दूरच्या डोंगररांगांचे एकामागे एक निळे थर हाच तुमचा जीव असेल, तर हा कॅमेरा घेऊ नका. तुम्हाला टेलिलेन्सच लागेल आणि ती याला कधीच बसणार नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. ऑप्टिकल फाइंडर वापरला तर दिवस निघतो, स्क्रीन चालू ठेवली तर दुपारीच दुसरी घालावी लागते. मी तीन बाळगते. रात्रीच्या आभाळासाठी ट्रायपॉड सुटत नाही. एफ २ ला आठ-दहा सेकंदांच्या पुढे तारे ओढले जातात.

बरेच जण विचारतात, की याला २८ मिमीचं कन्व्हर्जन लेन्स मिळतं ते घ्यावं का. मी एका मैत्रिणीकडून एका रविवारपुरतं मागून आणलं होतं. फोटो चांगले आले, कोपरेही स्वच्छ. पण वजन दीडशे ग्रॅमने वाढतं, कॅमेरा पुढून जड होऊन छातीवर आपटत राहतो आणि ते लावलं की पावसाची ती रिंग काढावी लागते. दुपारी त्र्यंबकच्या बाजूने सर आली तशी ते काढून सॅकेत टाकलं, रिंग चढवली आणि संध्याकाळी तिचं तिला परत केलं.