डार्कटेबल : गणपतीपासून रोहित पक्ष्यांपर्यंत आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या गणपतीत लालबाग-परळच्या गल्ल्यांतून सहाशेच्या वर फोटो काढून आणले. ते निवडायला बसले, त्याच आठवड्यात माझ्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं भरायची वेळ आली. मी महिन्यातून फार तर दोन रविवार कॅमेरा घेऊन बाहेर पडते, पावसाळ्यात तर तो सिलिका जेल घालून डब्यातच असतो, आणि पैसे मात्र बाराही महिन्यांचे. सॉफ्टवेअर चांगलं होतं. पण भाडं थांबवलं की जुन्या फोटोंवरच्या मेहनतीचं काय, ही धास्ती मला नको होती. म्हणून डार्कटेबल हे दुसरं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००९ पासून चालू आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

पहिले तीन आठवडे जड गेले. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने सजवण्याआधीचा कच्चा फोटो, उघडली की तो कॅमेऱ्यावर दिसला होता त्याहून फिका, मरगळलेला दिसतो. जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो, बनवताना कॉन्ट्रास्ट, रंग, धार हे सगळं कॅमेराच चढवून देतो. इथे ते आपण करायचं. त्यात मॉड्यूलांची, म्हणजे एकेका कामाच्या अवजारांची, ही भली मोठी रांग. मी वहीत पाचच नावं लिहिली आणि दोन महिने बाकीच्यांकडे बघितलंच नाही : एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, दाणे कमी करणारं डिनॉइज आणि लेन्स करेक्शन. सिग्मॉइड आणि फिल्मिक यांचं काम एकच, फोटोतला उजेड-अंधार पडद्यावर मावेल असा बसवायचा, त्यामुळे दोन्ही एकदम लावायची नाहीत. हे कळायला मला पंधरा दिवस लागले. नवीन माणसाने या पाचांपासूनच सुरुवात करावी.

गणपतीच्या फोटोंनी माझं मत पक्कं केलं. मंडपातल्या निळ्या-जांभळ्या एलईडींखाली ढोल वाजवणाऱ्या मुलांचे चेहरे जेपेगमध्ये नुसते सपाट निळे डाग झाले होते. कलर कॅलिब्रेशनमध्ये गॅमट कॉम्प्रेशन नावाची, फार भडक रंग आवरणारी एक पट्टी आहे. ती थोडी वाढवली, एक्सपोजर जरा उतरवलं आणि गालावरचा गुलाल, कपाळावरचा घाम परत दिसायला लागला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये १६,३८४. हा आकडा आधी फक्त वाचला होता, त्या रात्री डोळ्यांनी पाहिला.

जानेवारीपासून शिवडीला जाते आहे. ओहोटी लागली की जेट्टीसमोरच्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, पण सकाळच्या धुरकट हवेत त्यांचा गुलाबी रंग पार विरून जातो. धुरकटपणा काढणारं हेझ रिमूव्हल सगळ्या फोटोला लावलं तर आभाळ घाणेरडं होतं आणि दाणे उठतात. इथे पॅरामेट्रिक मास्क, म्हणजे रंग किंवा उजेडावरून फोटोचा भाग निवडायची सोय, कामाला आला. फक्त गुलाबी छटा निवडायची, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होतो. पक्षी उठून दिसतात, मागचा अटल सेतू धुक्यातच राहतो, आणि मला तो तसाच हवा असतो.

मार्चमध्ये भाच्याला एक फोटो पाठवला. तो म्हणाला, "मावशी, अगं हे पक्षी जांभळट का दिसतायत?" शोधलं तर लॅपटॉपचा नाइट लाइट चालू होता. पडदा पिवळा, म्हणून मी फोटो निळसर करत गेले होते. रात्री कामावरून येऊन फोटो करणाऱ्यांनी तो आधी बंद करावा.

न आवडलेलं थोडं आहे, पण आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे डिनॉइज लावलं की थांबावं लागतं. मोबाइलवर डार्कटेबल नाही. चाळीच्या फोटोंत आडव्या-तिडव्या केबलच्या वायरी असतात. एखादी असेल तर रीटच मॉड्यूलने जाते, जाळंच असेल तर मी फोटो गिंप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नेते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून तिथे लावलेले फिल्टर नंतरही बदलता येतात, त्यामुळे ही जोडी आता चांगली जमते. रॉथेरपी हे डार्कटेबलसारखंच सॉफ्टवेअरसुद्धा महिनाभर वापरून पाहिलं. त्यात रंग लवकर जुळतात, पण मास्कची सवय लागल्यावर मन परत इकडेच आलं.

फोटोशेजारी डार्कटेबल एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवतं. केलेले सगळे बदल तिच्यात असतात, मूळ रॉला हात लागत नाही. हार्ड डिस्कवर नक्कल काढताना ती फाइलही सोबत घ्या. मागच्या आठवड्यात सप्टेंबरमधला ढोलवाल्या मुलांचा तोच फोटो परत उघडला, तेव्हाचं सिग्मॉइड जरा सैल केलं आणि दहा बाय पंधराची प्रिंट काढून त्यांच्यातल्या एकाच्या आईला नेऊन दिली.