पायडलवर चालणाऱ्या घरगुती यंत्रासाठी कोणता हब घ्यावा?

पायाने चालणारी भरडणी, धान्य उपणण्याचा पंखा किंवा परसातल्या विहिरीवरचा लहान पंप घरी तयार करणारा माणूस हबचा, म्हणजे सायकलच्या चाकाच्या मध्यभागी एक्सलभोवती (मधल्या दांड्याभोवती) फिरणाऱ्या भागाचा, विचार बहुधा सर्वांत शेवटी करतो. भंगारातून मिळेल ते चाक आणायचे, अँगलचा सांगाडा वेल्ड करून घ्यायचा आणि मग अडचणी मोजत बसायचे, असा तो क्रम असतो. इथे नागपुरात तुरीचा भरडा काढण्यासाठी मी केलेल्या पहिल्या यंत्राचीही हीच गत झाली होती.

हब निवडण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी: चाकात आलेली शक्ती बाहेर कुठून घ्यायची, रिमवरून की हबमधून? टायर काढून रिमच्या खाचेत पट्टा बसवला, तर हबला चाक तोलून फिरवण्यापलीकडे काम उरत नाही. चेनव्हील (पायडलकडचे दातेरी चाक) 44 दात्यांचे आणि फ्रीव्हील (हबवरचे, पाय थांबले तरी चाक मोकळे फिरू देणारे दातेरी चाक) 18 दात्यांचे असेल, तर मिनिटाला 60 पायडल मारल्यावर चाकाचे सुमारे 147 फेरे होतात. त्यात 60 सेंटिमीटर व्यासाच्या रिमवरून 6 सेंटिमीटरच्या पुलीवर पट्टा घेतला, की पुली 1,470 फेऱ्यांच्या आसपास जाते. पंख्याला हा वेग पुरतो. अशा यंत्रासाठी साध्या काळ्या सायकलचा मागचा हब घ्यावा, त्याहून महागाचे काही शोधू नये. त्याचे छर्रे, कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते शंकूसारखे नट) आणि एक्सल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

भरडणीचे गणित मात्र उलटे आहे. तिला वेग कमी आणि जोर जास्त हवा, त्यामुळे हबच्या उजव्या बाजूने शक्ती आत घेऊन डाव्या बाजूच्या स्प्रॉकेटवरून (चेनच्या दातेरी चाकावरून) ती बाहेर काढणे सोयीचे पडते. साध्या हबला डावीकडे आटे नसतात. मी तिथे स्प्रॉकेट सरळ वेल्ड करून घेतले. त्या उष्णतेने छर्‍यांच्या वाटीचे पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरले आणि काही दिवसांतच वाटीत खड्डे पडून चाक खडखडू लागले.

या कामासाठी खरी निवड दोन हबांमध्ये आहे. पहिला, दोन्ही बाजूंना आटे असलेला हब. उजवीकडे फ्रीव्हील आणि डावीकडे पक्के स्प्रॉकेट बसवले, तर यंत्राच्या भाराने डावे स्प्रॉकेट सुटत नाही, उलट आवळले जाते, कारण भार त्याला हबच्या फिरण्याविरुद्ध मागे खेचतो. पायडल थांबल्यावर भरडणीचे जड चाक पुढे फिरत राहिले, तर मात्र तेच स्प्रॉकेट सैल होऊ शकते. म्हणून त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग (स्प्रॉकेट अडवून धरणारी कडी) हवीच. दुसरा, डिस्क ब्रेकचा हब. त्याच्या डाव्या बाजूला 44 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा भोके असतात. लेथवाल्याकडून स्प्रॉकेटला तशीच भोके पाडून घेतली आणि 5 मिलिमीटरचे बोल्ट आवळले, की जोर कोणत्याही दिशेने आला तरी ते सुटण्याचा प्रश्न राहत नाही. मी स्वतः हाच निवडला. शक्य असल्यास त्यातही बंद बेअरिंगचा घ्यावा, कारण उघड्या छर्‍यांमध्ये भरड्याची धूळ ग्रीसला मिळून पुटीसारखा लगदा होतो.

पायडल आणि चाक कायम एकत्र फिरवणारा, फ्रीव्हील नसलेला हब स्वस्त आणि मजबूत दिसतो. उलट दिशेनेही फिरवावे लागणाऱ्या यंत्रासाठी तो योग्यही आहे. परंतु फ्लायव्हील (ऊर्जा साठवणारे जड चाक) जोडलेल्या यंत्रात तो कधीही वापरू नये. पाय थांबले तरी पायडल थांबत नाहीत, आणि त्यांचा तडाखा नडगीवर बसतो. नागपूरच्याच डॉ. जे. पी. मोडक यांनी विकसित केलेल्या मानवचलित फ्लायव्हील मोटरची कल्पना अशी, की माणसाने आधी फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठवायची आणि नंतर क्लचद्वारे ती थोड्या वेळात यंत्राला द्यायची. अशा रचनेत चाक पायांपासून मोकळे राहणे अनिवार्य ठरते.

गिअर हवेच असतील, तर अनेक चकत्यांचे फ्रीव्हील आट्यांवर बसणाऱ्या हबपेक्षा कॅसेटचा (मोकळे फिरण्याची यंत्रणा हबमध्येच असलेला) हब घ्यावा. पहिल्यात उजवे बेअरिंग आत राहते, एक्सलचा लांब भाग आधाराविना उरतो आणि तो वाकतो. आतल्या आत गिअर बदलणारा तीन गतींचा हब थांबलेल्या यंत्रातही पायडल न मारता गिअर बदलू देतो, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र त्याचा एक्सल जागीच फिरू पाहतो, त्यामुळे तो अडवणारे खास वॉशर बसवावे लागतात. दिव्यासाठीचा डायनामो हब साधारण 3 वॉटच देतो, तेव्हा त्यावर इन्व्हर्टरची बॅटरी भरण्याची आशा ठेवू नये.

हब कोणताही घेतला, तरी दोन लॉकनटांच्या (एक्सलवर कोन जागेवर अडवणाऱ्या नटांच्या) बाहेरील कडांमधले अंतर आधी मोजावे आणि मगच सांगाडा वेल्ड करावा. साध्या सायकलीत हे अंतर 110 मिलिमीटरच्या आसपास असते, तर डिस्कच्या मागच्या हबात ते बहुधा 135 असते. आधी साध्या हबच्या मापाने सांगाडा करून नंतर डिस्कचा हब आणल्यामुळे मला वेल्डरकडे दोनदा जावे लागले.